ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल: "सीलबंद आहे, बघायची गरज नाही" हे कितपत खरं? (कोल्हापूर)

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलच्या जोरावर जोडणारी). २०१७ ची आहे, रनिंग ९० हजारांच्या पुढं गेलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न गिअरबॉक्सच्या ऑइलचा आहे आणि तो सगळ्याच ऑटोमॅटिकवाल्यांना कधी ना कधी पडणार.

घर कोल्हापुरात, कामानिमित्त कोकणात उतरणं-चढणं कायमचं. कधी गगनबावड्याकडनं, कधी आंबा घाटानं. गेल्या ऊस हंगामापासून दोन गोष्टी जाणवायला लागल्यात. सकाळी गाडी चालू करून 'डी'ला टाकली की गिअर लगेच पकडत नाही. क्षणभर काहीच होत नाही, मग धक्का देऊन पकडते. आणि ५०-६० च्या स्पीडला एक्सलेटर हलका धरला की रम्बलरवरून गेल्यासारखी बारीक थरथर येते. पाय जरा दाबला की जाते.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बॉक्स सीलबंद आहे, ऑइल लाइफटाइम आहे, डिपस्टिकच नाही तर बघणार काय? उद्यमनगरातले ओळखीचे मेस्त्री म्हणतात, लगेच बदला. एक मित्र म्हणतो, एवढ्या रनिंगनंतर नवं ऑइल घातलं की बॉक्स बसतो, हात लावू नको. तिघांची तीन मतं. ज्यांनी स्वतः हे काम केलंय किंवा उभं राहून करून घेतलंय, त्यांनी जरा सविस्तर लिहा.

शिरोलीवाला

मित्र बरोबर सांगतोय. आमच्या पाहुण्यांच्या गाडीचं लाखभर रनिंगनंतर मशीन लावून ऑइल बदललं आणि महिन्याभरात बॉक्स उतरवावा लागला. चालतीय तोवर चालवा.

पाना_पक्कड

घाटवाट, बदलायचं का नाही हे नंतर बघू. आधी बॉक्समध्ये ऑइल आहे किती, ते बघा.

डिपस्टिक नाही म्हणजे पातळी बघता येत नाही, असं नव्हे. आणि सीलबंद म्हणजे गळत नाही, असंही नव्हे. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील असतात, खाली चेंबरचं (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याचं) पॅकिंग असतं, कूलरकडं जाणारे पाइप असतात. यातलं काहीही झिरपू शकतं आणि डिपस्टिक नसल्यामुळं मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून मला हा 'लाइफटाइम' शब्द पटत नाही. ज्या झेडएफ कंपनीचे बॉक्स कित्येक महागड्या गाड्यांत बसतात, ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला असं सांगते. त्याच बॉक्सच्या गाडीवर गाडी कंपनी मात्र 'लाइफटाइम' लिहिते. आता वॉरंटी संपल्यावर ते लाइफ कोणाचं धरायचं, हे मालकानंच ठरवायचं.

तुमच्या गाडीचं पुस्तक काढा आणि सर्व्हिसचा तक्ता नीट बघा. बऱ्याच पुस्तकांत दोन तक्ते असतात, साधा वापर आणि कठीण वापर. साध्या वापरात 'बदलायची गरज नाही' लिहिलेलं ऑइल कठीण वापराच्या तक्त्यात ठराविक किलोमीटरला बदला म्हणून लिहिलेलं सापडतं. आणि कठीण वापर म्हणजे काय? डोंगराळ रस्ते, धूळ, जवळच्या जवळ फेऱ्या, ३२ अंशांच्या वरच्या उन्हात गर्दीतनं चालवणं. म्हणजे आपण सगळेच की. गगनबावड्याच्या रस्त्याला ऊसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत जाणारी गाडी याहून कठीण काय सोसणार?

आता लक्षणं. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढं पोचवणारं तेच, क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा) दाबून गिअर पकडायला लावणारं प्रेशर त्याचंच, आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारंही तेच. ऑइल कमी झालं की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. हवा दबते, ऑइल दबत नाही, म्हणून क्लचपर्यंत प्रेशर उशिरा पोचतं. सकाळी 'डी'ला टाकल्यावर जी वाट बघावी लागते, तिचं पहिलं कारण हे शोधायचं.

दुसरी थरथर ही बहुतेक लॉक-अप क्लचची. कन्व्हर्टरच्या आत हा क्लच असतो, तो ठराविक स्पीडला इंजिन आणि बॉक्स थेट जोडतो. जोडताना तो थोडा सरकणं अपेक्षितच असतं, आणि ते सरकणं मऊ राहावं म्हणून ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घातलेले असतात. ते संपत आले की क्लच पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो, आणि तुम्हाला सीटमध्ये थरथर जाणवते. अशा वेळी ऑइल बदलून फरक पडतो, पण क्लचची लायनिंग (घर्षणाचा थर) अजून शाबूत असली तरच.

घाटवाट

पानाकाका, एवढं लिहिल्याबद्दल आभारी आहे. पुस्तक काढून बघितलं. तुम्ही म्हणता तसे दोन तक्ते आहेत आणि कठीण वापराच्या तक्त्यात ऑइल बदलायचं लिहिलंय. सर्व्हिस सेंटरला हे पान कोणी दाखवलं नसेल काय?

पातळी बघायची रीत सांगाल का? गॅरेजमध्ये समोर उभा राहून करून घेणार आहे.

पाना_पक्कड

आधी डिपस्टिकवाल्यांचं सांगतो, कारण जुन्या गाड्या इथं पुष्कळ जणांकडं आहेत. गाडी सपाट जागी. दहा-पंधरा मिनिटं फिरवून ऑइल कामाच्या तापमानाला आणायचं. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, आणि लिव्हर 'पी'पासून शेवटपर्यंत सावकाश नेऊन परत 'पी'ला आणायचा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबायचं, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये ऑइल भरतं. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायची, पूर्ण आत घालायची आणि परत काढून दोन्ही बाजूंनी बघायची. ज्या बाजूला खूण कमी दिसते ती खरी. 'हॉट' आणि 'कोल्ड' अशा दोन पट्ट्या असतील तर गरम ऑइल 'हॉट'मध्येच मोजायचं. तिथंच एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून ठेवा. चांगल्या ऑइलचा डाग पसरत जातो, खराब झालेलं मधोमध काळं जमून बसतं.

तुमच्यासारख्या बिनडिपस्टिकच्या बॉक्सला खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. इथं सगळा खेळ तापमानाचा. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून कंपनी एक ठराविक तापमान देते आणि त्या तापमानाला पातळी बोल्टच्या भोकाइतकी यावी लागते. काही बॉक्सना ते ३५ ते ४५ अंश असतं, काहींना ५० ते ६०. तुमच्या बॉक्सचं काय ते पुस्तकातनं किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधनं काढा, अंदाजानं नको. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावायचा, त्यावर बॉक्सच्या ऑइलचं तापमान लावून बसायचं, गाडी लिफ्टवर किंवा पिटवर चारी चाकं एका पातळीत. इंजिन चालू असताना, तापमान पट्ट्यात आलं की बोल्ट काढायचा. बारीक धार आली तर ती तुटून थेंब थेंब पडायला लागेपर्यंत थांबायचं आणि बोल्ट लावायचा. काहीच आलं नाही, तर ऑइल कमी आहे. वरनं थेंब पडायला लागेपर्यंत भरायचं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे काम सकाळी लवकर, रात्रभर गाडी उभी असताना करा. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडं शेडमध्ये उभ्या गाडीचा बॉक्सच ३५ च्या वर असतो. पट्टा ३५ ते ४५ चा असला तर बोल्ट हातात येईपर्यंत तापमान निघून जातं, गरम ऑइल जास्त सांडतं आणि थंड झाल्यावर बॉक्स कमी भरलेला राहतो.

आठवी_गल्ली

माझ्याकडं २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे, तिला डिपस्टिक आहे. पानाकाकांच्या पद्धतीत एक बदल लिहून ठेवते, कारण इथं वाचून कोणीतरी तसंच करेल. होंडाच्या या गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन बंद करून बघायचं असतं. इंजिन पूर्ण गरम करायचं, बंद करायचं, आणि साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. चालू ठेवून बघितलं तर पातळी चुकीची दिसते आणि माणूस उगाच ऑइल ओतत बसतो. माझ्या गाडीला होंडाचं डीडब्ल्यू-१ लागतं, आधीच्या झेड-१ च्या जागी ते आलंय.

पाना_पक्कड

ताई, अगदी बरोबर, हे लिहिलंत ते चांगलं झालं. होंडाची रीत वेगळी आहे. आणि जास्त भरण्याचा धोका कमी भरण्याइतकाच आहे. आतले फिरते भाग ऑइलमध्ये बुडाले की त्याचा फेस होतो, फेसात हवा असते, परत तेच, प्रेशर मिळत नाही. वर ब्रीदरमधनं (हवा जायच्या भोकातनं) ऑइल बाहेर येतं.

शिरोलीवाला

पातळी बघायला माझी ना नाही. पण बदलायचं म्हणाल तर आमच्या पाहुण्यांचं जे झालं ते डोळ्यांनी बघितलंय. ऑइल बदलल्यावरच बॉक्स गेला. याला काय म्हणाल?

पाना_पक्कड

शिरोलीवाला, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. असे बॉक्स मीही उतरवलेत. पण ऑइल बदलायला गाडी आली कशासाठी, हे विचारून बघा. बहुतेक वेळा गाडी आधीच स्लिप मारत असते, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही. म्हणजे क्लचची लायनिंग झिजून ऑइलमध्ये उतरलेली असते. बॉक्स तेव्हाच गेलेला असतो. ऑइल बदलून लायनिंग परत येत नाही. महिन्याभरानं बॉक्स बसतो आणि नाव नव्या ऑइलवर जातं.

मशीनच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. न उघडलेल्या जुन्या बॉक्सला प्रेशर देऊन फ्लश करणं, त्यात वर फ्लशिंगचं केमिकल घालणं, हे मी करत नाही. चेंबरच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (कुठल्या क्लचला ऑइल जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. बॉक्सच्याच पंपाच्या प्रेशरवर जुनं बाहेर, नवं आत, अशी साधी अदलाबदल करणारी मशीनं असतात, त्यांना माझा तेवढा विरोध नाही. तरी जुन्या गाडीला मी 'काढा आणि भरा' हीच रीत सांगतो, टप्प्याटप्प्यानं.

याचं गणित साधं आहे. खालचा बोल्ट काढल्यावर सगळं ऑइल येत नाही. कन्व्हर्टरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीत, कूलरमध्ये राहतं. एका वेळी समजा ४० टक्के आलं आणि तेवढंच नवं भरलं, तर आत ६० टक्के जुनं. काही दिवस चालवून परत तेच केलं की ३६ टक्के. तिसऱ्यांदा साधारण २२ टक्के. प्रत्येक वेळी बॉक्सला थोडंच नवं ऑइल मिळतं, गाळ एकदम हलत नाही, आणि तिसऱ्या फेरीला निघणारं ऑइल बघून बॉक्सची तब्येतही कळते.

कागलकर

फ्रिक्शन मॉडिफायरचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्यावर योग्य स्पेकचं ऑइल घालण्याचं महत्त्व मला पटलं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. क्लच मऊ पकडावा म्हणून त्याचा गुण मोठा होता. व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि ऑइलवाल्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली. सुरुवातीच्या पर्यायांनी बॉक्सना पुष्कळ त्रास दिला. एक घटक बदलला तर एवढं होतं, मग दुकानदार "हे सगळ्याला चालतं" म्हणून डबा देतो तेव्हा आपण का घ्यावा?

पाना_पक्कड

कागलकर, उत्तम लिहिलंत. डब्यावरचं 'मल्टी व्हेइकल' वाचून घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात जो स्पेक लिहिलाय तोच डब्यावर लिहिलेला हवा. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाचं एसपी-४, होंडाच्या सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) एचसीएफ-२, ही सगळी आपापल्या बॉक्ससाठी बनलेली ऑइलं. त्यातही सीव्हीटीत साधं गिअरबॉक्सचं ऑइल घालणं म्हणजे बॉक्स मारणं. तिथं पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये चिमटून ताकद नेतो, त्या पट्ट्याला सरकू न देणारं ऑइल लागतं. नेहमीच्या ऑइलनं तो सरकतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. मग दुरुस्ती नाही, बदलीच.

रंगावरही फार जाऊ नका. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती झाली तर इंजिन ऑइलची का बॉक्सची ते ओळखायला. काही सीव्हीटी ऑइलं हिरवी किंवा निळी असतात. नवी ऑइलं थोड्याच रनिंगमध्ये गडद होतात, त्यावरनं ती खराब झाली असं होत नाही. जळका वास, कागदावर काळा डाग आणि बॉक्सचं वागणं, तिन्ही जुळली तर काळजी करा.

घाटवाट

काम झालं. सगळं लिहितो, कोणाच्या उपयोगी पडेल.

चार खांबांची लिफ्ट असलेलं गॅरेज बघितलं, सकाळी उघडायच्या वेळेलाच गाडी लावली. स्कॅनरवर तापमान पट्ट्यात आल्यावर ओव्हरफ्लोचा बोल्ट काढला. एक थेंबही आला नाही. मेस्त्री वरनं भरत गेले, जवळजवळ लिटरभर गेल्यावर कुठं खाली थेंब दिसला. मग टॉर्च घेऊन खाली गेलो. ड्रायव्हरच्या बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टचा सील ओला, त्याच्याखाली केसिंगवर तेल आणि धूळ यांचा काळा थर. ओघळ एवढा बारीक होता की पार्किंगमध्ये कधी डाग पडलाच नाही. मागं त्या बाजूचा शाफ्ट दुसरीकडं काढून बसवला होता, तेव्हा सीलची कड दुमडली असणार असं मेस्त्रींचं म्हणणं.

सील बदलला. ऑइल खाली काढलं तेव्हा ते गडद तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला करड्या रंगाची पेस्ट होती. मेस्त्रींनी ती बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून दाखवली. खर लागली नाही, चमकणारा कण एकही नव्हता. एवढी झीज होतेच म्हणाले.

पहिली फेरी झाल्यावर सकाळचा धक्का गेला. थरथर दुसऱ्या फेरीनंतर कमी झाली, गेली नाही. तिसरी फेरी पुढच्या महिन्यात करणार आहे.

पाना_पक्कड

छान केलंत. म्हणजे मुख्य दुखणं पातळीचं होतं. आणि पातळी बघण्याची गरजच नाही असं सांगून ते इतके दिवस दडलं. अशीच चालवली असती तर घाटात क्लच जळले असते. हजारांत भागलं, बॉक्स उघडायची वेळ आली असती तर लाखात गेलं असतं.

तिसऱ्या फेरीनंतर स्कॅनरनं बॉक्सचं अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करून घ्या. जुन्या ऑइलशी आणि कमी प्रेशरशी जुळवून घेताना कॉम्प्युटरनं जे शिकून ठेवलंय, ते पुसलं की तो नव्यानं शिकतो. त्यानंतरही थरथर राहिली तर लायनिंगचा विचार करू.

घरी करणाऱ्यांसाठी दोन सूचना. आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सोडवून बघा, मग खालचा, ऑइल काढायचा. खालनं ऑइल सोडून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलाय असं नंतर कळलं, तर गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बोल्ट अंगाच्या जोरानं आवळू नका. टॉर्क रेंच वापरा, वायसर नवा घाला. आटे गेले की पाच रुपयांच्या वायसरचं काम चेंबर बदलण्यापर्यंत जातं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. चारी बाजूंनी घोड्या लावा, नाहीतर पिट असलेल्या गॅरेजमध्ये जा.

रंकाळाकाठ

माझी गाडी एएमटी आहे. हे सगळं मलाही लागू?

पाना_पक्कड

नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअरची हालचाल मात्र यंत्र (अ‍ॅक्चुएटर) करतं. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून हा प्रकार रुळला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. मॅन्युअलसारखं गिअर ऑइल, ते पुस्तकाप्रमाणं बदला. अ‍ॅक्चुएटर हायड्रॉलिक असेल तर त्याच्या ऑइलची छोटी वेगळी टाकी असते, तिची पातळी बॉनेट उघडून बघता येते.

आठवी_गल्ली

काढलेल्या ऑइलचं काय केलंत, हे कोणीच लिहिलं नाही. आमच्या भागात एका गॅरेजमागं ते सरळ गटारात सोडताना मी पाहिलंय. शहरातली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. खाली तेच पाणी गावंच्या गावं पितात. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांप्रमाणं ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवं. गॅरेज निवडताना एवढा एक प्रश्न प्रत्येकानं विचारावा. उत्तर देता आलं नाही तर गाडी दुसरीकडं न्यावी.

घाटवाट

ताई, माझं ऑइल गॅरेजच्या बॅरलमध्ये गेलं, तो भरला की उचलायला माणूस येतो म्हणाले. पावती बघितली नाही, पुढच्या फेरीला बघतो आणि इथं लिहितो.

व्हीनस_कॉर्नर

माझा प्रश्न पुराचा आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी आलं. दोन्ही वेळा गाडी आधी हलवली होती, पण शेजाऱ्यांची ऑटोमॅटिक चाकांच्या वरपर्यंत बुडाली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट (इशारा पातळी) झालं की आता पोटात गोळा येतो. गाडी बुडालीच तर बॉक्सचं काय करायचं?

पाना_पक्कड

पहिलं, चालू करायची नाही. दुसरं, 'एन'ला टाकून दोरीनं ओढायची नाही. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग फिरतात, पण त्यांना ऑइल मिळत नाही. फ्लॅटबेडवरच न्या, निदान ज्या चाकांना ताकद जाते ती तरी जमिनीवरनं उचललेली हवीत. हे पुरापुरतं नाही, घाटात गाडी बंद पडली तरी हेच.

बॉक्सला वरच्या बाजूला ब्रीदर असतो, हवा आतबाहेर जायला. तापलेला बॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं, सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. क्लचची लायनिंग कागदाच्या जातीची, गोंदानं चिकटवलेली असते. पाण्यानं ती फुगते आणि सुटते. म्हणून पाणी ब्रीदरपर्यंत गेलं असेल तर ऑइल लगेच काढून बघायचं. दुधाळ, गुलाबीसर दिसलं तर आत पाणी आहे. चालू न करता जेवढ्या लवकर काढाल तेवढी बॉक्स वाचायची शक्यता जास्त. विम्याच्या सर्व्हेअरला ते ऑइल बाटलीत भरून दाखवा, फोटो काढून ठेवा.

पूर नसतानाही ऑइल दुधाळ झालं तर रेडिएटर बघा. पुष्कळ गाड्यांत बॉक्सचा कूलर रेडिएटरच्याच पोटात असतो. बोअरचं पाणी घालून घालून रेडिएटर आतनं कुजला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. कूलंटच घाला, पाणी नको.

शिरोलीवाला

पानाकाका, पाहुण्यांना विचारलं. ऑइल बदलायच्या आधी गाडी पन्हाळा चढताना दोनदा रिकामी रेस झाली होती, म्हणूनच गॅरेजला नेली होती. आणि मशीन केमिकल घालून लावलं होतं. मशीनबद्दलचं माझं मत कायम आहे.

आता मीच एक सेकंडहँड ऑटोमॅटिक बघतोय, टॉर्क कन्व्हर्टरवाली, ७० हजार झालेली. बघताना काय बघू?

पाना_पक्कड

मालकाला सांगा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गार असली पाहिजे. चालू करून अर्धा मिनिट थांबा, ब्रेक दाबून 'आर'ला टाका, मग 'डी'ला. दोन सेकंदांच्या आत पकडायला हवं आणि दणका नको. मग चांगली अर्धा तास फिरवा. पुष्कळ दोष बॉक्स तापल्यावरच दिसतात, म्हणून जोतिबाचा नाहीतर पन्हाळ्याचा चढ घ्या. चढाला अर्धा एक्सलेटर दाबून बघा, रेस वाढली आणि स्पीड वाढला नाही तर तिथनंच परत फिरा. सपाटीला आल्यावर ५० ते ७० मध्ये हलक्या पायानं चालवून थरथर येते का बघा.

गाडी आणून पिटवर घ्या आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्टच्या सीलला बोट लावा. स्कॅनर लावून बॉक्सचे जुने कोड (बिघाडाच्या नोंदी) वाचून घ्या. कोणी आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर तेही बऱ्याच स्कॅनरवर समजतं, कारण पुसल्यापासूनचं अंतर दिसतं. आणि ऑइल बदललंय असं मालक म्हणाला तर बिल मागा, त्यावर ऑइलचा स्पेक आणि किती लिटर ते लिहिलेलं असायला हवं. नुसतं 'गिअर ऑइल' लिहिलेलं असेल तर बदललंय असं धरू नका, घेतल्यावर पहिली फेरी स्वतः करून घ्या.